देवाला सांगायचे ते देवाला, माणसाला सांगायचे ते माणसाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या आणि एका खासगी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका भगिनीचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात चौदा वर्षे काम करत होते. गेल्या पावसाळ्यात त्यांची नोकरी गेली. तेव्हापासून ते रविवारच्या उपासनेला येत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात आणि कोणी काही विचारले की हातातले भांडे आपटून उठून जातात. सासूबाईंचे म्हणणे असे की सुनेने ड्यूटीच्या नावाखाली कौटुंबिक प्रार्थनेत खंड पाडला, म्हणून घरावर ही वेळ आली. दहावीतला मुलगा प्रार्थनेला बसायला तयार नाही. भगिनी विचारतात: ‘रोज रात्री साडेआठला आम्ही प्रार्थना करतो, तरी घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आमचा विश्वास कोठे कमी पडतो आहे, आणि आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे?’

ताई, तुमच्या पत्रात नोकरीविषयी दोन पाने आहेत आणि प्रार्थनेविषयी जेमतेम चार ओळी आहेत. पण मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या. तुम्ही लिहिता की सासूबाई प्रार्थनेत म्हणतात, ‘प्रभू, या घरात ज्यांना तुझ्या वचनापेक्षा पगार मोठा वाटतो त्यांचे डोळे उघड,’ आणि मग तुमची पाळी आली की तुम्ही म्हणता, ‘ज्यांना दुसऱ्याचे कष्ट दिसत नाहीत त्यांना ते दिसू देत.’ यजमान मान खाली घालून बसलेले असतात आणि मुलगा आतल्या खोलीत कानाला इअरफोन लावून असतो. सव्वीस वर्षे पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधील (चर्चमधील) कुटुंबांबरोबर काम केल्यावर मला एवढे निश्चित सांगता येते की तुमच्या घरात प्रार्थना कमी पडलेली नाही. जे एकमेकांना सांगायचे ते तुम्ही सगळे डोळे मिटून देवाला सांगत आहात, आणि ज्याच्याविषयी सांगता तो हातभर अंतरावर बसून ते ऐकतो आहे. त्याला उत्तर देण्याची सोय नाही, कारण प्रार्थनेच्या मध्ये कोणी बोलत नाही.

हे मी वरून पाहून सांगत नाही. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती, तेव्हा आम्ही खडकीला राहत होतो. यजमानांचा स्वभाव तापट होता आणि त्या दिवशी दुपारी ते माझ्या भावासमोर मला काहीतरी लागेल असे बोलले होते. मी दिवसभर गप्प राहिले. रात्री प्रार्थनेत मात्र मी मोठ्या शहाणपणाने स्तोत्राचे शब्द घेऊन म्हटले, ‘हे परमेश्वरा, यांच्या मुखावर पहारा ठेव.’ त्यांनी ठणठणीत आवाजात ‘आमेन’ म्हटले, उठले, स्वयंपाकघरात गेले आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता म्हणाले, ‘स्तोत्रकर्ता स्वतःच्या मुखाबद्दल बोलतो आहे. एकशे एक्केचाळीसावे काढून बघ. आणि मला सांगायचे होते तर मला सांगायचे.’ मी पवित्र शास्त्र (बायबल) काढून पाहिले. ‘माझ्या मुखावर’ असेच तेथे आहे. त्या रात्री मला फार राग आला होता, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते.

आपण ज्या वचनाकडे अशा वेळी वळायला हवे ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. वेदीजवळ दान आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तेथे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पण करावे, असे प्रभू सांगतो. हे वचन आपल्याला इतके पाठ असते की त्यातल्या दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात. पहिली अशी की ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असे तेथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे आपली चूक आहे की नाही, हा प्रश्नच आधी येत नाही. दुसऱ्याच्या मनात सल आहे एवढे कळले की आपण उठायचे. दुसरी गोष्ट अंतराची आहे. प्रभू हे गालीलात बोलत होता आणि वेदी होती यरुशलेमेत. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला हे खरोखर करायचे झाले असते, तर मंदिरात दान ठेवून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर चालत गावी यायचे, भावाला भेटायचे आणि पुन्हा तेवढेच चालत परत जायचे. आपल्या हिशेबात सांगायचे तर पुण्याहून नगरला पायी जाऊन पायीच परत येण्यासारखे ते आहे. तुमच्या घरात हॉलपासून आतल्या खोलीपर्यंतचे अंतर बारा पावले असेल. आणि तरी अनेक घरांत ती बारा पावले नगरच्या वाटेपेक्षा लांब झालेली मी पाहिली आहेत.

म्हणून पहिली गोष्ट करावयाची ती ही, की एक महिनाभर घरच्या प्रार्थनेत समोर बसलेल्या माणसाविषयी, त्याने स्वतः मागितल्याखेरीज, कोणीही प्रार्थना करू नये. हा नियम तुम्ही सासूबाईंना लावू जाल तर भांडण होईल. तो आधी स्वतःला लावा. गीत ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातूनच म्हणावे असा आग्रह नको. एखादे कडवे, एक लहान उतारा आणि मग एकच प्रश्न: ‘आज कोणाला कशासाठी प्रार्थना हवी आहे?’ कोणी काही न सांगितल्यास प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणून उठावे. सगळे मिळून बारा मिनिटांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. प्रारंभी पाच-सहा दिवस शांतता अवघड वाटते, सासूबाईंना ‘ही कसली प्रार्थना’ असेही वाटेल. परंतु ज्या घरात हे टिकले तेथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी काहीतरी मागते, आणि ते बहुधा अगदी साधे असते: गुडघा दुखतो, उद्या गणिताची चाचणी आहे. आठवड्यातून तीन रात्री तुमची ड्यूटी असेल तर त्या तीन रात्री प्रार्थना तुमच्यावाचून होऊ द्या. रुग्णाच्या उशाशी रात्र जागणे म्हणजे प्रार्थनेत खंड पाडणे, असे मला तरी कोणत्याही शास्त्रभागात आढळलेले नाही.

आता यजमानांविषयी. येथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांचे वर्णन ‘विश्वास थंड झाला आहे’ असे आले आहे आणि माझ्या मते तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून ते वर्णन घाईचे ठरेल. झोप लागत नाही, जेवणात लक्ष नाही, पूर्वी आवडणारे क्रिकेटही पाहत नाहीत, चिडचिड वाढली आहे आणि हे सगळे काही महिन्यांपासून चालू आहे. तुम्ही परिचारिका आहात. हेच वर्णन एखाद्या रुग्णाच्या पत्नीने तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही तिला पाळकांकडे पाठवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवले असते. अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज राहिली तर तपासून घ्यावे, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे नैराश्य असेल किंवा नसेल, ते तपासणारा ठरवील. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि घरातून निघायलाच यजमान तयार नसतील तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे मंडळीत कोणी म्हणाले तर पौल आपल्या सोबत्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य लूक’ असा करतो, एवढे त्यांना आठवण करून द्यावे.

पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय तुम्ही यजमानांना वाचून दाखवू नका; तुम्ही स्वतः वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा रानात जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे झाले, माझा प्राण घे’ असे म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खातो आणि पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला देतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देव विचारतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. एलीया जे गाऱ्हाणे सांगतो तेच गाऱ्हाणे थोड्या वेळाने तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगतो, आणि देव ते दुसऱ्यांदाही ऐकून घेतो. ‘हे तू मघाशीच सांगितलेस’ असे म्हणत नाही. नोकरी गेलेल्या पुरुषाच्या घरात मला नेमके याच्या उलट दिसते: प्रश्न आधी, आणि तोही दाराशी. ‘काय झाले इंटरव्ह्यूचे?’

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबातले गृहस्थ नोकरी गेल्यावर सात आठवडे रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत. दिवसभर ते एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा स्टेशनवरच्या बाकावर बसत. पत्नीला कळले ते एका पोळीवरून: एके दिवशी डब्यात पोळी तशीच परत आली आणि तिच्यावर लाल मुंग्या होत्या, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डब्याला मुंग्या लागत नाहीत, असे तिच्या मनात आले. तिने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन डबे भरले आणि म्हणाली, ‘आज मीही येते.’ त्या बाकावर त्या दोघांचे जे बोलणे झाले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण ते गृहस्थ पुढे एवढेच म्हणाले की फसवल्याबद्दल रागावण्याआधी ती शेजारी बसली, हे त्यांना विसरता येत नाही. तुमच्या बाबतीतही समोरासमोर बसून ‘आपल्याला बोलायचे आहे’ असे म्हणण्यापेक्षा बरोबर चालताना, भाजी आणताना, गाडी धुताना बोलणे सोपे जाईल. पुरुष खांद्याला खांदा लागलेला असताना अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे. अपवाद अर्थात पुष्कळ आहेत.

ते उपासनेला येत नाहीत याचा तुम्हाला त्रास होतो, कारण बाहेर पडताना तीन-चार जणी विचारतात. ‘घरी आहेत’ एवढेच उत्तर पुरे; त्यापुढे ‘प्रार्थना करा’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची विनंती आणि बातमी यांच्यातले अंतर फार थोडे असते, आणि घरी बसलेल्या माणसाच्या कानावर ती बातमी पोहोचली की तो आणखी महिनाभर येत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडत नाही; त्याचा शेवट अंधारातच होतो. ते स्तोत्र पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकले नाही. यजमान सध्या त्या स्तोत्रात आहेत असे समजा, आणि त्यांना घाईघाईने शंभराव्या, आनंदगजराच्या स्तोत्रात आणून बसवू नका.

सासूबाईंच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारले. इब्रीकरांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने राज्ये जिंकणारे आहेत आणि त्याच विश्वासाने करवतीने चिरले गेलेलेही आहेत. दोघांचा उल्लेख एकाच यादीत, एकाच मानाने केला आहे. पण हे तुम्ही सासूबाईंना पटवू लागलात तर तुम्ही पुन्हा वचनाने मारामारीच कराल. त्यांच्या बोलण्यामागे काय असेल ते पाहा. तरुणपणी वैधव्य आलेल्या, मुलाच्या पगारावर आपले म्हातारपण तोलून धरलेल्या बाईला मुलाची नोकरी गेली याचा अर्थ काय वाटतो? कारखान्यात मंदी आली, असे कारण असेल तर कोणाच्याच हातात काही नाही. सुनेची प्रार्थना चुकली, असे कारण असेल तर निदान दुरुस्त करता येईल असे काहीतरी हाताशी राहते. भीती दोषाचे रूप घेऊन बोलते. एखाद्या दुपारी मेथी निवडायला त्यांच्याजवळ बसा आणि ‘आई, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ एवढेच विचारा. उत्तर टोचणारे आले तरी त्या दिवशी त्याला प्रत्युत्तर देऊ नका.

येथे एक जरा कठीण गोष्ट बोलली पाहिजे. लग्नाच्या उपासनेत आपण उत्पत्तीचे वचन वाचतो: पुरुष आपल्या आईबापांस सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील. सोडून कोण जातो, ते नीट वाचावे. आपल्याकडे सोडते ती मुलगी, आणि वचन सांगते ते पुरुषाला. याचा अर्थ आईला वाऱ्यावर सोडावे असा मुळीच नाही. पेत्राची सासू पेत्राच्या घरात होती, आणि प्रभूने तिचा ताप काढला, हे मार्काने पहिल्याच अध्यायात लिहून ठेवले आहे. (जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूविषयी आपल्या महिला मंडळात कधी प्रवचन ऐकल्याचे मला आठवत नाही.) अर्थ एवढाच की पती-पत्नींमधला प्रश्न आईच्या न्यायासनापुढे जाऊ नये. हे यजमानांनी सांगायचे असते, सुनेने नव्हे. आणि आज ते सांगण्याच्या स्थितीत नाहीत. म्हणून हा विषय त्यांची झोप सुधारेपर्यंत पुढे ढकला.

मुलाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची मला सर्वांत कमी काळजी वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाला जर रोज रात्री आजी आणि आईची प्रार्थनेतली चकमक ऐकावी लागत असेल, तर तो इअरफोन लावतो हे बऱ्यापैकी समंजसपणाचे लक्षण आहे. ‘बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ हे वचन आयांनाही लागू आहे. दहावीच्या वर्षात दृढीकरणाच्या (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या शिकवणीच्या) वर्गाची सक्ती करू नका, ते पुढच्या वर्षी होईल. दार उघडे ठेवा आणि बारा मिनिटांची ती प्रार्थना त्याच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात, पण त्याच्यासाठी नव्हे अशा रीतीने, होऊ द्या.

भांडी आपटण्याविषयी मात्र स्पष्ट लिहिते. आज भांडे आपटले जाते आहे. ज्या दिवशी हात उगारला जाईल त्या दिवशी क्षमेचा प्रश्न नंतर आणि सुरक्षिततेचा आधी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली ‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा करण्याची आज्ञा मार खात राहण्याची आज्ञा नाही. त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्याला त्याचा अपराध दाखवावा आणि तो ऐकत नसेल तर साक्षीदार घेऊन जावे, असे सांगितले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा ख्रिस्ती स्त्रीलाही तेवढाच लागू आहे. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आणि ११२ हा तातडीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा, आणि पुणे पोलिसांचा भरोसा कक्षही आहे. तुमच्या पत्रावरून तशी वेळ आलेली दिसत नाही, पण ‘आमच्यात असे होत नाही’ म्हणणाऱ्या घरांत ते झालेले मी पाहिले आहे.

शेवटी तुम्ही विचारलेली आशा. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल जो क्रम देतो तो लक्षात घ्या: संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा. आपण आशा आधी मागतो, म्हणजे धीर धरता येईल. पौलाच्या क्रमात ती शेवटी येते. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचे मोठे कौतुक आहे, पण १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर ती दोघे चार वर्षांहून अधिक काळ वेगळी राहिली होती, हे आपण पटकन ओलांडून जातो. त्या काळात दोघांपैकी कोणालाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. लक्ष्मीबाई परतल्या त्या आधी संसारात. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. आणि एकत्र आल्यावरही घर शांत झाले असे नाही; टिळकांचा राग आणि हातात पैसा न टिकण्याची सवय तशीच होती, आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे मोकळेपणाने लिहिलेही. मला त्या घरातून घेण्यासारखे वाटते ते हे की त्यांनी एकमेकांशी भांडण केले ते एकमेकांशीच केले.

तेव्हा या आठवड्यापुरते तीनच गोष्टींत लक्ष घाला. प्रार्थनेतून समोरच्याचे नाव काढा, यजमानांबरोबर एकदा संध्याकाळी कोणताही प्रश्न न विचारता चालून या, आणि डॉक्टरांची वेळ घ्या. घरखर्चाची वही तुमच्या एकटीच्या पर्समध्ये असेल तर ती हॉलमधल्या कपाटावर ठेवा, म्हणजे हप्ता आणि शाळेची फी किती, हे त्यांना विचारावे न लागता दिसेल. महिन्याभराने मला पुन्हा लिहा. मुलगा प्रार्थनेला बसू लागला की नाही, हे नाही लिहिलेत तरी चालेल. यजमान रात्री किती वाजता झोपतात आणि डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र जरूर लिहा.